कोण कुठला हे गावाला माहीत, मग शिक्का एकट्या दिल्लीचाच का?

धानपट्टा (कुरखेडा)
विषय सरळ मांडतो. नागरिक कोणाला म्हणायचं हा कायदा संसदेनेच करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अमुक माणूस इथलाच आहे की नाही याचा पुरावा काय धरायचा, हे ठरवताना गावाला कोणीच विचारत नाही. माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

कागद शोधत फिरणं विदर्भाला नवं नाही. जात पडताळणीने घराघरातल्या पेट्या उपसून झाल्यात. आदिवासीला १९५० च्या आधीचा कागद, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. आता २०२५ मध्ये बिहारात मतदारयादीची फेरतपासणी झाली, मसुदा यादीत ६५ लाख नावं आलीच नाहीत, आणि तेव्हापासून आमच्या आठवडी बाजारात एकच प्रश्न: आपल्याकडं हे आलं तर दाखवायचं काय? आधार चालत नाही म्हणतात.

माझा मुद्दा वनहक्क कायद्यातून निघतो. २००६ चा तो कायदाही संसदेचाच आहे. त्यात दावा आधी ग्रामसभेपुढं येतो. पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं सांगणंही आहे. बिगर आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं वस्ती दाखवावी लागते. इतक्या जुन्या गोष्टीसाठीही म्हाताऱ्याचं म्हणणं इतर पुराव्याच्या जोडीला चालतं. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो याच कायद्याने. जंगल देताना सरकार म्हाताऱ्याचं ऐकतं, माणूस ओळखताना ऐकत नाही.

म्हणून मागणी अशी: एखाद्याच्या नागरिकत्वावर शंका निघाली तर ग्रामसभेचा ठराव आणि दोन वयस्कांचं सांगणं कायद्याने पुरावा धरावं. बोला.

कलम अकरा (नागपूर)
बोलतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीची १७ वी नोंद वाचा: नागरिकत्व, देशीयकरण आणि परकीय. पूर्ण विषय केंद्राचा. अनुच्छेद ११ तर संसदेला यात हवा तो कायदा करायची मोकळीक देतो. हे मुद्दामच तसं ठेवलं. आपल्याकडं नागरिकत्व एकच आहे, महाराष्ट्राचं वेगळं आणि भारताचं वेगळं असं काही नाही. मग कुरखेड्याच्या ग्रामसभेचा निकष एक आणि बिहारातल्या किशनगंजच्या ग्रामसभेचा दुसरा, असं कसं चालेल?

वनहक्काची तुलना मला पटत नाही. तिथं चूक झाली तर गावाच्या शिवेतला एक तुकडा इकडचा तिकडं होतो. इथं चूक झाली तर मतदान, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळं त्या एका ठरावावर उभं राहतं.

आणि उशिराच्या जन्मनोंदींचं काय झालं ते आठवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाहून उशिराच्या नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं आला. पुढं २०२५ च्या सुरुवातीला अकोला, अमरावतीसह कितीतरी ठिकाणच्या आदेशांवर आक्षेप आले, राज्याने काम थांबवलं, विशेष तपास पथक नेमलं, आदेश रद्द झाले. तहसील कचेरीत हे होतं, तर ग्रामसभेत काय होईल? कोरम कसा भरतो ते आपण सगळेच जाणतो. सह्यांचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर फिरतं.

एक दुरुस्ती: सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ ला बिहारच्या तपासणीत आधार बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं. ओळखीपुरतं. नागरिकत्वाचा पुरावा ते नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेलं आहे.

वऱ्हाडी बोंड (यवतमाळ)
वकीलसायेब, सारं कायद्याचं बोलले तुमी. मले एक सांगा, तहसीलवाल्यानं चुकीचा शिक्का मारला त्याची सजा कोनाले भेटली? सायबाची बदली होते, कागद आमचा रद्द होते.

आता माही माय पाहा. शाळेचं तोंड पाह्यलं नाई, म्हंजे दाखल-खारीजमंधी नाव नाई. माहेरी सुभी होती, लगनात नाव बदललं, इकडं कमला झाली. मतदारयादीत कमला, राशनकार्डावर कमला, आधारावर कमला. सुभी अन् कमला एकच बाई हाये हे कोनता कागद सांगन? तिची एक बालमैतरीन जित्ती हाये आर्णीकडं. थे सांगू शकते. तिले कोन इचारते? म्हनून धानपट्टाभाऊचं म्हननं मले पटते.

रेकॉर्डरूम (ब्रह्मपुरी)
मी आयुष्य तहसीलच्या अभिलेख कक्षात काढलं, आता निवृत्त. कायद्याचं वकील पाहतील, कागदाचं मी सांगतो.

आपल्याकडचा सगळ्यात जुना आधार म्हणजे कोतवाल पंजी. लांबट पानं, तांबूस पडलेली, उलटवताना कोपरा बोटात येतो. कोतवालाने गावातला जन्म-मरण सांगायचं आणि ते चढवायचं, ही पद्धत. आता मौज बघा. बहुतेक पानांवर पोराचं नावच नसतं. जन्मल्या दिवशी बारसं कुठलं? रकान्यात फक्त मुलगा किंवा मुलगी, पुढं बापाचं नाव, जात, गाव. एका बापाला पाच पोरं असली तर पाच नोंदी, आणि त्यातली आपली कोणती हे शाळेतल्या तारखेशी जुळवून ठरवायचं. ती शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. अर्धं गाव १ जुलैला जन्मलेलं आहे.

त्यात जिल्हे बदलले. आज गडचिरोलीचा माणूस असला तरी १९८२ च्या आधीचा त्याचा कागद चांद्याचा. गोंदियाचा असेल तर १९९९ च्या आधीचं सारं भंडाऱ्याच्या नावाने. वऱ्हाडात जुनं दप्तर मोडीत, वाचणारा सापडत नाही. पांडू, पांडोबा, पांडुरंग हे एकच होते हे सिद्ध करायला माणसं मुद्रांकावर प्रतिज्ञापत्रं करतात. तेव्हा कागद म्हणजे पक्का पुरावा आणि गावकऱ्याचं सांगणं म्हणजे कच्चा, ही विभागणी मला पटत नाही. त्या पंजीतली नोंदसुद्धा कोणीतरी सांगितलेलंच आहे. फक्त ऐंशी वर्षांपूर्वी सांगितलेलं.

बेड्यावरची (अमरावती जिल्हा)
सगळे ‘गाव, गाव’ करताहेत म्हणून लिहिते. मी फासेपारध्याची. आमच्या बेड्याबद्दल, म्हणजे वस्तीबद्दल, गावाला विचारा एकदा, काय उत्तर येतं बघा. ‘हे इथले नाहीत, मागून आले.’ किती मागून? माझ्या आजीचं बाळंतपण त्याच शिवारात झालं. पण गावठाणात घर नाही, म्हणून घराचा उतारा, आठ-अ, नाही. आठ-अ नाही म्हणून ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला नाही. तो नाही म्हणून शाळेत पोरगं टाकताना हेलपाटे. अडवणारा यात दिल्लीचा कोण होता? सगळे गावचेच.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला, १९५२ मध्ये तो गेला. गावाच्या डोक्यातून गेला नाही. चोरी झाली की आजही गाडी आधी बेड्यावर येते. आणि तुम्ही म्हणता, मी भारतीय आहे की नाही ते त्याच ग्रामसभेने हात वर करून सांगावं? त्यापेक्षा मला दूरचं सरकार परवडलं. त्याला निदान माझी जात पाहून तोंड फिरवायची सवय नसते. कागद मागतं, तो कसाबसा मिळवता येतो. गावाची मर्जी कुठून मिळवू?

मुलचेराकर
बेड्यावरची ताईंच्या बोलण्यात भर घालतो, मात्र माझा निष्कर्ष वेगळा आहे.

आम्ही बंगाली. आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले आणि १९६० च्या दशकात केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मुलचेरा-चामोर्शी भागात आणून बसवले. घरात कॅम्पची एक चिठ्ठी जपून ठेवली आहे. आजोबांचं नाव, कुटुंबात माणसं किती, आणि एक न वाचता येणारी सही. वडील १९६९ मध्ये इथं जन्मले. नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कुठलेही असोत. तरी खिडकीवरचा बाबू आडनाव वाचतो आणि विचारतो, ‘मूळचे कुठले?’

आता गंमत ऐका. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचे (सीएए) नियम ११ मार्च २०२४ ला आले. त्याआधी नागरिकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून जायचा, म्हणजे राज्याच्या यंत्रणेतून. नव्या नियमांत जिल्हा समितीचा प्रमुख टपाल खात्याचा अधीक्षक, आणि वरच्या समितीचा प्रमुख जनगणना संचालक. दोघेही केंद्राचे. जिल्हाधिकारी कार्यालयाचा नायब तहसीलदार दर्जाचा माणूस निमंत्रित म्हणून बसतो. केरळने विधानसभेत ठराव करून, सर्वोच्च न्यायालयात दावा लावून विरोध केला होता. अशी राज्यं वाटेत येऊ नयेत म्हणून वाटच बदलली, असं मला तरी दिसतं.

पण त्याच नियमांत, अर्जदार ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी भारतात होता हे दाखवायला जी कागदांची यादी दिली आहे, तिच्यात गावच्या किंवा शहरच्या स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या सदस्याचं प्रमाणपत्रही आहे. म्हणजे बाहेरून आलेल्यासाठी पंचायत सदस्याचा शब्द केंद्राला चालतो! इथल्याच मातीत जन्मलेल्यासाठी का चालू नये? कलम अकरा साहेबांनी उत्तर द्यावं.

आणि धानपट्टा, तुम्हालाही प्रश्न आहे. १९७० मध्ये आमच्या शेजारच्या गोंड गावाच्या ग्रामसभेने आमच्या बाजूने ठराव केला असता का? जंगल तोडून आम्हाला जमीन दिली होती. मनात राग असणारच, आणि तो चुकीचा होता असंही मी म्हणत नाही.

इटियाडोह (अर्जुनी मोरगाव)
आमच्या तालुक्यातलं उदाहरण कोणी घेतलं नाही म्हणून सांगतो. नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत इथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिथली पोरं अस्खलित मराठी बोलतात, आमच्यासारखीच धानाच्या भावावर चिडतात. मुलचेराकरांच्या वडिलांना लागू होतं तेच कलम ३ यांच्यातल्या ३० जून १९८७ पर्यंत इथं जन्मलेल्यांनाही लागू. तरी सरकार वर्षानुवर्षं म्हणत राहिलं, तुम्ही स्वतःला तिबेटी म्हणवता, म्हणजे भारतीय नाही. एका तरुणीला पासपोर्ट नाकारला, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की जन्माने मिळालेलं नागरिकत्व असं फॉर्मवरच्या एका रकान्याने जात नाही.

या खटल्यात गावाचा, राज्याचा संबंधच आला नाही. केंद्राने स्वतःच केलेला कायदा केंद्राचे अधिकारी पाळत नव्हते, एवढंच होतं. तेव्हा दिल्लीचा अधिकार कुठं संपतो, याचं एक उत्तर असंही आहे.

मावा नाटे (धानोरा)
तुम्ही सगळे हात जोडून मागताय. मागायचं कशाला? ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आमच्याच तालुक्यातली. घटनेची पाचवी अनुसूची आहे, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रात संसदेचा कायदासुद्धा लागू नाही असं जाहीर करता येतं. ग्रामसभेने सरळ ठराव करावा: आमच्या हद्दीत कोणाचेही कागद कोणी तपासायचे नाहीत. गोंडाने गोंडवनात आपण कुठले ते सिद्ध करायचं? ज्यांनी रेषा मारल्या त्यांनी करावं.

कलम अकरा
मावा नाटे, राग समजतो. कायदा अर्धाच सांगितलात. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे तो अधिकार राज्यपालांचा आहे, ग्रामसभेचा नाही. आणि राज्यपालाला नेमतात राष्ट्रपती. महाराष्ट्रात तो वापरलाही गेला: २०२० मध्ये राज्यपालांनी वनहक्क कायद्यातच बदल करून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडं अपिलाची सोय केली. आदिवासींच्या फायद्याचं काम होतं ते.

झारखंडच्या खुंटीत २०१७-१८ मध्ये पत्थलगडी झाली. गावाच्या वेशीवर दगड उभे करून त्यांवर घटनेचे अनुच्छेद आपल्या अर्थाने कोरले, ग्रामसभा हीच सर्वोच्च असं जाहीर केलं.  राजद्रोहाचे गुन्हे लागले ते साध्या गावकऱ्यांवरही. ते मागे घ्यायचा निर्णय व्हायला २०१९ च्या शेवटी सरकार बदलावं लागलं. ज्या घटनेचा आधार घेता तिचं अर्धं पान फाडून चालत नाही.

मुलचेराकर, तुमचा प्रश्न वाजवी आहे. त्या नियमांतला कागद प्रवेशाच्या तारखेपुरता आहे आणि त्यावर समिती पडताळणी करते. सदस्याचा शब्द शेवटचा नसतो. तशी पडताळणी असेल तर माझा विरोध निम्मा होतो.

सातासमुद्रापार (मूळ आर्वी)
मी अमेरिकेत आहे, इथली एक गोष्ट टाकतो. इथं राज्यांना फार अधिकार, हे सगळ्यांना माहीत. पण १८५७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसांना नागरिकच मानलं नाही. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली: इथं जन्मला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत आहे, तो देशाचाही नागरिक आणि राहतो त्या राज्याचाही. दक्षिणेतल्या राज्यांच्या मर्जीवर कोणाचं नागरिकत्व राहू नये म्हणूनच ती आली. बेड्यावरची म्हणतात ते इथल्या इतिहासाला धरून आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून काही मुलांपुरता हा हक्क आखडायला घेतला, तेव्हा कोर्टात धाव घेणाऱ्यांत राज्यंच पुढं होती. म्हणजे पारडं दोन्हीकडं झुकतं.

धानपट्टा
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

कलम अकरा, नवीन काही मागतोय असं तुम्ही दाखवताय, पण आसाममध्ये हे घडलेलं आहे. तिथल्या नागरिक नोंदवहीत लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायांना माहेरशी नातं दाखवायला कागदच नव्हता. वऱ्हाडी बोंड यांच्या आईची जी गत, तीच लाखो बायांची. त्यांनी ग्रामपंचायत सचिवाचा दाखला जोडला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत तो बाद ठरवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पडताळणी करून तो दुवा म्हणून घेता येईल. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून तरीही १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. तो दाखला नसता तर किती राहिली असती, हिशोब करा.

मावा नाटे, आपण एकाच बाजूचे, पण तुमचा ठराव माझ्या उपयोगाचा नाही. आमच्या पोराला पुण्यात भरतीला उभं राहायचं आहे. तिथं धानोऱ्याच्या हद्दीतला ठराव कोण वाचणार?

आता बेड्यावरची ताई आणि मुलचेराकर. १९७० ची ग्रामसभा तुमच्या बाजूने उभी राहिली असती असं मी छातीठोक सांगणार नाही. पारध्यांच्या बाबतीत तर आजचीही राहणार नाही. म्हणून मागणीत एक अट घालतो: गावची साक्ष माणसाला आत घ्यायला वापरता येईल, बाहेर काढायला नाही. ग्रामसभेने ‘हा आमचा नाही’ म्हटलं तर त्याची किंमत शून्य. ‘हा आमचा आहे’ म्हटलं तर पुरावा.

कलम अकरा
एकाच बाजूने चालणारी साक्ष ही साक्ष नसते, शिफारस असते. शपथेवर घ्या, उलटतपासणी होऊ द्या, खोटं निघालं तर गुन्हा लावा. मग ती साक्ष.

धानपट्टा
घ्या उलटतपासणी. फक्त गावात येऊन घ्या. म्हातारीला तारखेमागून तारखेला गडचिरोलीला बोलावू नका.

वऱ्हाडी बोंड
हे बेस बोलले.

कलम अकरा
एक गोष्ट मात्र तुमच्या सगळ्यांच्या बाजूची आहे आणि कोणी बोललं नाही. १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आधीच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे, त्याला काढायचं तर नोटीस द्या, त्याचे सगळे पुरावे ऐका, आणि आक्षेप घेणाऱ्याने आधी काहीतरी आधार दाखवावा. परकीय नागरिकांच्या कायद्यात हे उलटं आहे. १९४६ च्या कायद्यात होतं आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या कायद्यातही आहे: ज्याच्यावर संशय, त्यानेच सिद्ध करायचं. माझ्या मते भांडायची खरी जागा ती आहे. ओझं सरकारवर टाका, मग ग्रामसभेच्या ठरावाची गरज दहातल्या नऊ जणांना पडणारच नाही.

रेकॉर्डरूम
वकीलसाहेब, दहावा कोण असतो ते मी खिडकीमागून पाहिलंय. ज्याचं मतदारयादीतही नाव नसतं तो. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेला.

बेड्यावरची
तोच. आणि धानपट्टा भाऊ, तुमच्या अटीने माझं निम्मंच भागतं. गाव माझ्या विरोधात बोलू शकणार नाही, ठीक. पण बाजूने बोलणार कोण? ठराव मांडायला सूचक-अनुमोदक लागतात. आमच्या बेड्याचं नाव निघालं की सभा चहाला उठते. ठराव काढून टाका, माणसं ठेवा. दोन वयस्क माणसं, शपथेवर, आणि ती त्याच गावची हवीत ही अट नको. माझ्या आजीला ओळखणारी म्हातारी दुसऱ्या तालुक्यातल्या बेड्यावर आहे.

वऱ्हाडी बोंड
माह्या मायची मैतरीन बी आर्णीलेच हाये. ताईचं मान्य करा.

धानपट्टा
मान्य. ठरावाची अट काढली. कुठल्याही गावची दोन माणसं, शपथेवर, उलटतपासणी साक्षीदाराच्या गावात. येत्या ग्रामसभेत ही मागणी म्हणून मांडतो, गोषवारा इथं टाकेन.

कलम अकरा
मांडा. पण पाठवणार कोणाकडं? मुंबईला पाठवून उपयोग नाही, विषय राज्याचा नाही हे पहिल्याच उत्तरात सांगितलं. विधानसभा फार तर केंद्राला विनंती करील.

धानपट्टा
खासदाराला देणार, पोच घेऊन. आणि एक प्रत मुंबईला तरीही जाईल. विनंती तर विनंती, ती करायला त्यांना कोणी अडवलेलं नाही.